सर्व्हर डाऊन असताना तक्रार कोणी नोंदवायची?

प्रति,
मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : डेटाबेस सर्व्हर बंद पडल्यावर पुरवठादार कंपनीची तांत्रिक मदत गावच्या खिडकीपर्यंत पोचण्याबाबत

महोदय,

बांदा हे सावंतवाडी तालुक्यातलं, गोव्याच्या वेशीवरचं बाजारपेठेचं गाव. खाली तेरेखोल नदी, मधून मुंबई-गोवा महामार्ग, पुढे पत्रादेवीचा नाका आणि नाक्यापलीकडे मोपाचं पठार, जिथे ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. विमान एवढं जवळ आलं, तरी उत्पन्नाच्या दाखल्याला, पीकविम्याला, सातबाऱ्याला किंवा रेशनला आलेल्या माणसाला इथे एक ठरलेलं वाक्य अजून ऐकावं लागतं : "सर्व्हर डाऊन आसा, फाल्या येवा." डेगवे, वाफोली, शेर्ले, मडुरे अशा आसपासच्या गावांतून तो माणूस दिवसाची मजुरी मोडून, एसटीचं तिकीट काढून आलेला असतो. सर्व्हर म्हणजे काय हे त्याला ठाऊक असायची गरज नाही. पण ते वाक्य उच्चारणाऱ्या खिडकीमागच्या मुलालाही हा सर्व्हर कुठे आहे, का पडला, कोण दुरुस्त करतंय आणि किती वेळ लागेल, यातलं काहीच ठाऊक नसतं. हे पत्र मुख्यतः त्या खिडकीमागच्या मुलाबद्दल आहे.

सर्व्हर हा शब्द आपल्याकडे जरा सैलच वापरला जातो. खिडकीवरचा संगणक चालू असतो, पोर्टलचं पहिलं पानही उघडतं. गाडी अडते ती त्यामागे, जिथे नोंदी साठवलेल्या असतात त्या डेटाबेसमध्ये. अडण्याची कारणं बहुतेक वेळा फार गूढ नसतात. डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहून ठेवतो. त्या लॉगचा वेळच्या वेळी बॅकअप घेतला नाही की तो फुगत जातो, डिस्क भरते आणि नवी नोंद घेणं बंद होतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये या दुखण्याचा क्रमांक ९००२, ओरॅकलमध्ये त्याचं भावंड ओआरए-००२५७. दुसरं दुखणं कुलपांचं. एक व्यवहार एखादी नोंद बदलत असेल तोवर ती इतरांना बदलता येत नाही. तो व्यवहार मध्येच लटकला की मागे शेकडोंची रांग लागते आणि सर्व्हर चालू असूनही बंद असल्यासारखा वाटतो. तिसरं, इंडेक्स नसलेली एखादी क्वेरी. दहा हजार नोंदींवर ती झटक्यात उत्तर देत होती, एक कोटीवर तिला धाप लागते. या तिन्हींपैकी काहीही असलं आणि जाणकार माणूस बसला, तर काम बहुतेकदा काही तासांचं असतं. दिवस जातो तो जाणकारापर्यंत निरोप पोचण्यात.

तो निरोप कसा जातो, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. खिडकीवरचा मुलगा मोबाईलवर पडद्याचा फोटो काढतो आणि तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. फोटोत संदेशाची उजवी बाजू कापलेली असते, आणि एरर क्रमांक नेमका तिथेच असतो. ग्रुपवर इतर गावांतून "आमच्याकडे पण", "सेम प्रॉब्लेम" असे प्रतिसाद पडतात. तालुक्याचा माणूस तो फोटो जिल्ह्याच्या ग्रुपवर ढकलतो, जिल्ह्याचा मुंबईकडे. कंपनीच्या मदत कक्षात तो पोचतो तेव्हा त्याचा मजकूर "सिंधुदुर्गात साइट स्लो आहे" एवढाच उरलेला असतो. कक्षातल्या पहिल्या पायरीवरचा कर्मचारी समोरच्या यादीप्रमाणे विचारतो : ब्राउझर बदलून बघितलं का, कॅश साफ केली का, नेट तपासलं का. या प्रश्नांची उत्तरं उलट्या वाटेने बांद्याला यायला दुपार होते. तोवर खिडकी जेवणासाठी मिटलेली असते.

खिडकीचीही बाजू धुतल्या तांदळासारखी नाही, हे सांगायला हवं. "सायब, चालत नाय" ही तक्रार ऐकून जगातल्या कुठल्याही इंजिनिअरला काही करता येत नाही. त्याला हवं असतं ते थोडंच, पण नेमकं : संदेशाचे शब्द जसेच्या तसे, घडलं ती वेळ, नेमकं कुठलं बटण दाबल्यावर घडलं, काल चालत होतं का आणि कालपासून काय बदललं. एवढं लिहायला शिकवण्यासाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण पुरेल. सेवा केंद्र चालवणाऱ्यांची प्रशिक्षणं होतात, त्यांत नवी योजना कशी भरायची ते शिकवलं जातं. पण ती भरता आली नाही तर काय लिहून कळवायचं, यावर अर्धा तासही खर्च होत नाही.

मोठ्या पुरवठादार कंपन्यांची मदतव्यवस्था जगभर साधारण एकाच धाटणीची आहे. तक्रारीला तिकीट म्हणतात आणि प्रत्येक तिकिटाला तीव्रता ठरवून दिलेली असते. ओरॅकलच्या नियमांत पहिल्या तीव्रतेची तक्रार, म्हणजे काम संपूर्ण ठप्प, चोवीस तास हाताळली जाते. अट अशी की ग्राहकाच्या बाजूनेही तेवढा वेळ माणूस हजर हवा, जो लॉग पाठवील आणि सांगितलेली चाचणी करून बघेल. तिकीट काढायचं तर ग्राहक क्रमांकाखाली नोंदवलेला माणूसच लागतो. या मदतीचं मोल परवान्याच्या किमतीच्या साधारण २२ टक्के, दरवर्षी. म्हणजे पाच वर्षांत मदतीचं बिल परवान्याच्या मूळ किमतीच्या पुढे जातं. एवढी महाग वस्तू शासन लोकांच्या पैशातून घेत असेल, तर तिचा वापर करायचा हक्क राज्यात किती जणांच्या नावावर आहे आणि रात्री दहा वाजता त्यांतला कोण फोन उचलतो, हे विचारायला हरकत नसावी. सिंधुदुर्गातल्या खिडक्यांवर तरी तसं कोणी नाही.

आता करारातल्या टक्क्यांकडे वळू. निविदांमध्ये "९९ टक्के उपलब्धता" अशी अट असते आणि ती ऐकायला भरभक्कम वाटते. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास. त्यांचा एक टक्का म्हणजे सव्वासात तास, जवळजवळ खिडकीचा एक पूर्ण दिवस. हिशेब तिमाहीचा धरला तर साडेएकवीस तास : खिडकीच्या वेळेतले जवळजवळ तीन दिवस सर्व्हर बंद राहिला, तरी कंपनी करारात बसते आणि तिच्या बिलातून एक रुपया कापला जात नाही. बांद्याची खिडकी मध्यरात्री उघडी नसते, पण मध्यरात्रीचा निवांत चाललेला सर्व्हर दुपारी बारा वाजता पडलेल्या सर्व्हरला टक्क्यांत झाकून घेतो. आणि ते तीन दिवस नेमके अर्ज भरण्याच्या मुदतीचे शेवटचे तीन दिवस निघाले, तर कराराच्या लेखी त्यात काही विशेष नसतं.

शेवटच्या दिवसांचा अनुभव महाराष्ट्राला कमी नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. अर्जांचा लोंढा इतका, की ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत न्यावी लागली. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत अर्जांची पहिली मुदत १५ जुलै २०२४ होती, ती ३१ ऑगस्ट झाली. त्याच योजनेच्या ई-केवायसीला सप्टेंबर २०२५ मध्ये सुरुवात झाली तेव्हा ओटीपीच येत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, आणि तांत्रिक अडचण असल्याचं खात्याच्या मंत्र्यांनीही मान्य केलं. पुढे १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरवर गेली. मुदत वाढते हे चांगलंच. पण ती वाढेपर्यंत चार खेपा घातलेल्या बाईचे पैसे आणि दिवस कुठल्याच तिकिटात नोंदले जात नाहीत.

कायद्याची तऱ्हा तर त्याहून विचित्र. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे आणि गरजेचाही. फक्त तो ज्याला धरतो तो अधिकारी स्वतः त्याच पडलेल्या पडद्यासमोर हात बांधून बसलेला असतो. त्या दिवशी डेटाबेस किती वाजता पडला आणि किती वाजता उठला याचा अधिकृत कागदच त्याच्या हातात नसेल, तर अपिलात तो सांगणार काय, आणि अर्जदार तरी दाखवणार काय?

२०१७ चं मुंबई विद्यापीठाचं प्रकरण या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखं आहे. सिंधुदुर्गातली महाविद्यालयं याच विद्यापीठाखाली येतात, त्यामुळे त्याची झळ इथल्या मुलांनाही बसली. उन्हाळी सत्राच्या ४७७ परीक्षांच्या १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका एकदम पडद्यावर तपासायचं ठरलं. काम मेरिटट्रॅक या बेंगळुरूच्या कंपनीकडे गेलं. तपासणी सुरू व्हायची वेळ आली तरी प्राध्यापकांची तयारी झालेली नव्हती. कोणाला लॉगिन मिळेना, कोणाला पानं उघडेनात, कोणाच्या वाट्याला भलत्याच विषयाची उत्तरपत्रिका. कुलपती सी. विद्यासागर राव यांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. मोठा माणूस गेला, म्हणून प्रकरण मिटल्यासारखं झालं. पण एवढ्या गोंधळात तंत्राचं नेमकं काय चुकलं, कुठली क्षमता कमी पडली, मदत मागितल्यावर किती तासांत मिळाली, याचा सामान्य वाचकाला समजेल असा अहवाल मुलांच्या हातात कधी पडला नाही.

त्याच वर्षी, ३१ जानेवारीला, गिटलॅब या कंपनीत काय झालं ते शेजारी ठेवून पाहावं. प्रोग्रामर लोकांचं काम साठवणारी ही कंपनी, डेटाबेस पोस्टग्रेस. रात्री उशिरा एक इंजिनिअर दुय्यम सर्व्हरवरची बिघडलेली प्रत पुसायला गेला आणि त्याने चालू, मुख्य सर्व्हरवरचीच फाइल पुसायला घेतली. क्षणात चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधले. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण तो घेणारं साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा. बॅकअप फसल्याचे ईमेल जात होते, पण मेलव्यवस्था ते नाकारत होती, त्यामुळे कोणालाच पत्ता नव्हता. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था, आणि ऐनवेळी एकही धड नाही. कंपनी वाचली ती एकाने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने काढून ठेवलेल्या प्रतीमुळे. डेटाबेसमधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

इथवरची गोष्ट कुठल्याही कार्यालयात घडू शकते. पुढची सहसा घडत नाही. दुरुस्ती चालू असतानाच गिटलॅबने आपली टिपणं सगळ्यांना वाचायला खुली केली, यूट्यूबवर दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण केलं आणि नंतर काय, का, कसं याचा तपशीलवार अहवाल छापला. ज्याच्या हातून चूक झाली त्याचा बळी दिला नाही. त्या अहवालामुळे जगातल्या कितीतरी कार्यालयांत दुसऱ्या दिवशी कोणीतरी उठून आपला बॅकअप उघडून पाहिला असेल.

आपण म्हणाल, हे मोठ्यांचं झालं. तर लहानांकडे येऊ. बांद्यासारख्या बाजारात पतसंस्था असतात, सोसायटी असते, काजूच्या व्यापाऱ्यांची दुकानं असतात. पंधराएक वर्षांपूर्वी स्वस्तात बसवलेलं एखादं सॉफ्टवेअर, खाली एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती. या आवृत्तीच्या २०२२ पर्यंतच्या पिढ्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, त्याआधीच्या काही पिढ्यांत तर चारच. सभासदांचे फोटो आणि सह्या स्कॅन करून त्याच डेटाबेसमध्ये कोंबल्या जातात, आणि एका सकाळी पहिलीच पावती निघेना. पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं असतं, प्रायमरी फाइलग्रुप भरला आहे. ते कोणी वाचत नाही. कोल्हापूर-पुण्याकडच्या विक्रेत्याला फोन जातो, तिकडून "रिस्टार्ट करा" येतं, मग "एनीडेस्कचा नंबर सांगा", मग रेंज जाते. वार्षिक देखभालीचा करार संपलेला असतो, हे दुसऱ्या दिवशी कळतं. तोवर पासबुकं हाताने भरायची.

बॅकअप म्हणाल तर पेन ड्राइव्हवर, त्याच टेबलाच्या खणात. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये तेरेखोलचं पाणी बांद्याच्या बाजारात शिरलं. मूळ माहिती आणि तिची प्रत एकाच खणात ठेवण्यात किती अर्थ आहे, हे इथल्या दुकानदारांना वेगळं समजवायला नको. मात्र पुरवठादाराच्या करारात "प्रत गावाबाहेर ठेवणे" असं कलम टाकायला कोणी सुचवत नाही.

हे लहानांचं प्रकरण आपल्या खात्यापर्यंत येण्याचं कारण आहे. केंद्राने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. तिच्यात महाराष्ट्रातल्या सुमारे १२ हजार विकास सोसायट्या आहेत. त्या आता एकाच सामायिक सॉफ्टवेअरवर येत आहेत. सोय मोठी, आणि पडझडही तेवढीच मोठी होऊ शकते. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला तात्पुरतं तोडलं, आणि तिच्यावर विसंबलेल्या देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. त्या बँकांनी स्वतः काही केलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सेवा सुरळीत झाली. पण त्या दिवशी गावातल्या शाखेत बसलेल्या कॅशिअरला ग्राहकाला सांगण्याजोगं काय होतं? पुन्हा तेच, सर्व्हर डाऊन.

गंमत अशी की हे दुखणं बरं करणारी माणसं परदेशातून आणायची नाहीत. पोस्टग्रेसला व्यावसायिक मदत पुरवणाऱ्या एंटरप्राइजडीबीचं मोठं कार्यालय पुण्यात आहे, बॅकअपच्या सॉफ्टवेअरसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या व्हेरिटासचंही काम तिथे वर्षानुवर्षं चाललं. अमेरिकेतल्या बँकेचा अडकलेला डेटाबेस मोकळा करायला पुण्यात रात्रपाळीला बसलेल्या मुलांत सावंतवाडी-कुडाळचीही सापडतील. कौशल्य राज्यातच आहे. त्याच्यापर्यंत पोचायची वाट अमेरिकेतल्या बँकेने करारात लिहून घेतलेली असते, बांद्याच्या खिडकीच्या नावाने ती कोणी लिहिलेली नाही.

म्हणून मागणी आहे ती करारात बदल करण्याची. नवीन पोर्टल कोणी मागत नाही. उपलब्धतेचा हिशेब खिडकीच्या वेळेत व्हावा, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यातला प्रत्येक बंद तास दंडासाठी जास्त वजनाने मोजला जावा. एका तालुक्यातल्या ठरावीक खिडक्यांवरून ठरावीक वेळात एकच तक्रार आली, की तिकीट कोणाच्या मर्जीविना पहिल्या तीव्रतेचं व्हावं आणि त्याचा क्रमांक त्याच खिडक्यांना मोबाईलवर परत यावा. प्रत्येक सेवेचं एक स्थितीपान मराठीत, लॉगिनशिवाय उघडणारं असावं : कधीपासून बंद, काय बिघडलं, कोणाकडे आहे, पुढची माहिती किती वाजता. हे पान खिडकीवरचा मुलगा छापून भिंतीवर लावील. त्याची निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

बंद काळात आलेल्या माणसाला तारीख-वेळेची पावती मिळावी आणि लोकसेवा हक्काच्या मुदतीसाठी, अर्जाच्या शेवटच्या दिवसासाठीही, तीच तारीख धरली जावी. याला वेगळं तंत्रज्ञान लागत नाही, एक शिक्का आणि एक शासन निर्णय पुरे.

बॅकअपबाबत एकच अट पुरेशी आहे. दर तिमाहीला कंपनीने बॅकअपमधून डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर उभा करून दाखवावा आणि त्याला किती तास लागले ते लिहून द्यावं. "बॅकअप रोज होतो" या वाक्याची किंमत गिटलॅबच्या रात्रीनंतर कोणी फार धरू नये. आवृत्त्यांचंही तसंच. मायक्रोसॉफ्ट प्रत्येक एसक्यूएल सर्व्हरची मदत कधी संपणार हे आधीच जाहीर करते. २०१४ च्या आवृत्तीची ९ जुलै २०२४ ला संपली, २०१६ च्या आवृत्तीसाठी १४ जुलै २०२६ ही तारीख दिलेली आहे. राज्यातल्या कुठल्या सेवेखाली कुठली आवृत्ती चालते याची यादी आपल्या खात्याने एकदा काढली, तर पुढचे काही बंद दिवस आत्ताच तारखेनिशी दिसतील.

दहावी-बारावीच्या निकालांनंतर जूनमध्ये उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर अशा दाखल्यांची झुंबड उडते. सेवा केंद्रांवर वर्षातला सगळ्यात जास्त ताण याच दिवसांत येतो. त्याआधी सावंतवाडी तालुक्यापुरता हा प्रयोग करून पाहावा : स्थितीपान, खिडकीला थेट तिकीट काढायचा अधिकार, आणि बंद दिवसाची पावती. तीन महिन्यांनी किती तिकिटं निघाली, पहिलं उत्तर किती मिनिटांत आलं आणि कंपनीच्या बिलातून किती कापलं, हे आकडे बांद्याच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ते चुकीचे असतील तर इथली माणसं लगेच सांगतील.

कळावे,

बांदा, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग